अंताल्या ते फेतिये: लिकियाच्या किनाऱ्यावर आठ दिवस

तुर्कस्तानला जाणारे आपले लोक बहुतेक वेळा इस्तंबूल आणि कापादोकिया करून परततात. आम्ही ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मुद्दाम फक्त दक्षिण किनारा केला. मी, नवरा आणि 72 वर्षांची आई. अंताल्या ते फेतिये या पट्ट्याला पूर्वी लिकिया म्हणत. इथे अवशेषांना एक दिवस आणि समुद्राला एक दिवस अशी वाटणी करावीच लागत नाही. फासेलिस या प्राचीन शहरात रोमन रस्त्याच्या फरशांवरून चालत गेलो आणि रस्ता संपला तिथे पाइनच्या सावलीत समुद्र होता. पोहायचे कपडे पिशवीत ठेवूनच निघा.

आधी तयारीचं. अमेरिका, ब्रिटन, आयर्लंड किंवा शेंगेनचा चालू व्हिसा असेल तर ई-व्हिसा मिळू शकतो, नाहीतर पासपोर्टवर व्हिसा लावून घ्यावा लागतो आणि त्याला वेळ लागतो. गाडी भाड्याने घेणार असाल तर गाडी चालवणाऱ्याच्या नावाचं क्रेडिट कार्ड हवंच. आमच्याकडे फॉरेक्स कार्ड होतं, अनामत रक्कम त्यावर घेता येणार नाही असं काउंटरवर सांगितलं. दुसरी गाडी मिळेपर्यंत अर्धा दिवस गेला. बुकिंग करतानाच हे विचारून घ्या. वाहतूक उजव्या बाजूने असते आणि डी-400 हा किनाऱ्याचा रस्ता वळणावळणाचा आहे, त्यामुळे अंतर कमी दिसलं तरी वेळ जास्त धरा. गाडी नको असेल तर डोल्मुश म्हणजे छोट्या मिनीबस गावोगाव जातात. त्यासाठी सुट्टे लिरा जवळ ठेवा.

पहिली रात्र अंताल्याच्या जुन्या गावात, पुढच्या दोन चिरालीला. गाव लहान आहे, संत्र्या-डाळिंबांच्या बागांमधली साधी घरं. किनारा गोट्यांचा आहे, पाण्यात जायचे रबरी बूट नेले नाहीत तर तळपाय सोलून निघतात. किनाऱ्याने चालत गेलं की ओलिंपोसचे अवशेष लागतात. ओढ्याच्या दोन्ही काठांना झाडीत बुडालेलं शहर. संध्याकाळी यानारताशला जा. तिकीट खिडकीपासून साधारण एक किलोमीटर दगडी पायऱ्यांचा चढ आहे. आई थांबत थांबत पाऊण तासात चढली. डोंगराच्या उघड्या खडकातून जमिनीखालचा वायू बाहेर येतो आणि हजारो वर्षं जळतो आहे. ज्वाळा मोठ्या नाहीत, एकेक गॅसच्या शेगडीएवढी. एका कुटुंबाने त्यावर किटली ठेवली होती. आई म्हणाली, "हे तर आपल्या ज्वालामुखी देवीसारखंच." अंधारात जायलाच मजा आहे, पण उतरताना प्रत्येकाच्या हातात टॉर्च हवा.

डेम्रेच्या वाटेवर टोमॅटोची हरितगृहं मैलोन् मैल दिसतात. ती संपता संपता मीरा या प्राचीन शहराच्या कड्यात कोरलेली थडगी दिसतात. लाकडी घराच्या तुळया दगडात जशाच्या तशा उतरवल्या आहेत. लेणी बघून वाढलेल्या आपल्या लोकांना ते लगेच कळतं. तासाभरात होतं, सकाळी लवकर उरका.

केकोवा बेटासाठी काश गावाहून दिवसभराची बोट घेण्यापेक्षा उचाआझ गावातून दोन-तीन तासांची घ्या, म्हातारी माणसं बरोबर असतील तर नक्कीच. भूकंपाने पाण्याखाली गेलेल्या शहराच्या पायऱ्या आणि भिंती बोटीतून दिसतात. तिथे पोहायला बंदी आहे, बोटवाला दुसऱ्या खाडीत नेतो. समोरच्या कालेकोयला गाडीचा रस्ता नाही. पाण्यातच उभं असलेलं दगडी थडगं तिथेच आहे.

काशला दोन रात्री राहिलो. संध्याकाळी गावाबाहेरच्या प्राचीन नाट्यगृहाच्या पायऱ्यांवर बसलं की समोर ग्रीसचं मेइस बेट. काश-कालकान रस्त्यावरचा कापुताश किनारा फोटोत जितका निळा दिसतो तितकाच निळा आहे. पण पायऱ्या दीडशेच्या वर आहेत आणि वर येताना सावली नाही. आई वरच थांबली.

मला सगळ्यात जास्त भावलं ते पातारा. सुमारे 18 किलोमीटर वाळू, त्यावर एकही हॉटेल नाही, कारण कासवं तिथे अंडी घालतात. म्हणून रात्री किनारा बंद असतो. किनारा आणि अवशेष एकाच तिकिटात होतात. वाळूत गाडलं गेलेलं लिकिया संघाचं सभागृह उकरून पुन्हा उभं केलं आहे. या संघात 23 नगरं होती, असं स्ट्रेबो या प्राचीन ग्रीक भूगोलकाराने लिहून ठेवलं आहे. मोठ्या नगरांना तीन मतं, मधल्यांना दोन, लहानांना एक. आई 30 वर्षं शाळेत नागरिकशास्त्र शिकवत होती. अर्धवर्तुळातल्या तिसऱ्या पायरीवर ती बसली, गार दगडावर हात फिरवला आणि म्हणाली, "मतं मोजायला माणूस कुठे बसत असेल रे?" आम्ही तिथे तासभर होतो. एवढ्या वेळात फक्त दोन जर्मन बायका आल्या. मुक्काम गेलेमिश गावात करा. दुपारचं ऊन अवशेषांवर अंगावर येतं, म्हणून अवशेष आठ-नऊ वाजता आणि समुद्र चारनंतर.

क्सान्थोस हे प्राचीन शहर जवळच आहे, 1988 पासून जागतिक वारसा यादीत. तिथल्या नेरेइड स्मारकाचा फक्त पायथा जागेवर आहे, बाकीचं सगळं लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये. रिकामा चौथरा बघून वाईट वाटतं.

शाकाहारींनी घाबरू नये. पालक-चीजचं गोझलेमे म्हणजे पातळ भरलेली पोळी, मसुराचं सूप आणि आयरान, जे आपलं खारं ताकच. सूपमध्ये मटणाचा रस्सा आहे का, ते मात्र विचारा. बिलाला "हेसाप" म्हणतात. आईला पहिल्याच दिवशी कळलं की तो आपला हिशेबच. मग पुढचे सगळे हिशेब तिनेच मागितले.

परतीचं विमान दालामानहून घ्या. फेतियेपासून ते तासाभरावर आहे, अंताल्याला उलटं जाण्यात एक दिवस वाया जातो.