आगोटीची खरेदी, आई व्हिडिओ कॉलवर

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आईनं वहीचं पान फाडून माझ्या हातात ठेवलं. जवळा २ किलो, करंदी अर्धा, बोंबील दीड किलो, सोडे पाव किलो, खारा बांगडा ८ नग. खाली रेघ मारून पोह्याचे पापड, मिरगुंड, आंबोशी, कोकम, ‘कडवे वाल चांगले दिसले तर’. आणि अगदी तळाशी, दोनदा अधोरेखित: जास्तीचं काही आणायचं नाही.

हे काम दरवर्षी तिचं. यंदा मार्चमध्ये गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि आगोट, म्हणजे पावसाळ्यासाठी सुकी मासळी आणि पापड वगैरे भरून ठेवायची खरेदी, माझ्या गळ्यात पडली. आईचं माहेर अलिबागजवळचं थळ. तिच्या लहानपणी मृग लागला की समुद्र उधाणलेला, होड्या काठावर ओढलेल्या, मग घरात जे भरलेलं असेल त्यावर नारळी पौर्णिमेपर्यंत काढायचं. आता आम्ही ऐरोलीत राहतो, मोबाइलवर बोट दाबलं की दहा मिनिटांत भाजी दारात येते. पण १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी राज्यात अजूनही बंदच असते. त्या ६१ दिवसांत बाजारात जे ‘ताजं’ म्हणून मिळतं त्याच्याकडे आई ढुंकून बघत नाही. बर्फातल्या मासळीपेक्षा मूठभर जवळा, म्हणजे सुकवलेली बारीक कोलंबी, बरा, असं तिचं सरळ गणित आहे.

माझ्यावर तिचा विश्वास नव्हता, आणि त्याला कारणही होतं. गेल्या वर्षी ती बहिणीकडे बाळंतपणाला गेली होती, तेव्हा मी जूनच्या मध्यावर रस्त्याकडेच्या एका टेम्पोतून, ताडपत्रीखालून, बोंबील आणि जवळा उचलला. दोन पाऊस होऊन गेले होते. आषाढ संपेपर्यंत बोंबलांवर पांढरी लव आली आणि जवळ्यात काळे किडे फिरू लागले. आई काही बोलली नाही. डबा घासला आणि उन्हात पालथा घातला. बोलली असती तर बरं झालं असतं.

तर यंदा मंडई. छप्पर असलेली, महापालिकेची, पुढे भाजी, मध्ये ताजी मासळी आणि अगदी मागच्या भिंतीला सुक्याची रांग. मुद्दाम गुरुवारी गेलो. गुरुवारी निम्मं गिऱ्हाईक नसतं, त्यामुळे बायकांना बोलायला वेळ असतो. रविवारी गेलात तर पिशवीत काय पडलं ते घरी येऊनच कळतं. सुक्याची रांग शोधावी लागत नाही, नाक नेतं. आत गेल्यावर पाच मिनिटांत तो वास येईनासा होतो. कपड्यांना मात्र तो संध्याकाळपर्यंत चिकटून राहतो, हे मला बायकोनं सांगितलं.

आईची पहिली सूचना माश्यांबद्दल होती, म्हणजे उडणाऱ्या. ज्या टोपलीवर एकही माशी नाही तिथं थांबायचं नाही. काहीतरी फवारलेलं असणार, असं तिचं म्हणणं. दुसरी सूचना सोड्यांची, म्हणजे सोलून सुकवलेल्या कोलंबीची: भडक केशरी दिसले की पुढं चालायचं. मी दोन टोपल्या अशा ओलांडल्या आणि तिसरीपाशी थांबलो. एक वयस्कर मावशी, कमरेला पाकिटाची थैली, समोर जवळ्याचा ढीग आणि मागे दोरीत बांधलेल्या बोंबलांच्या जुड्या.

“हात लाव ना दादा, चावत नाय तो.”

मी जवळा चिमटीत घेतला, हुंगला, समजल्यासारखी मान हलवली. मावशी हसली. तिनं माझी मूठ जवळ्यानं भरली, वरून स्वतःच्या हातानं आवळली आणि म्हणाली, “आता सोड.” बोटं उघडली तशी जवळा सळसळ करत खाली सांडला. मग तिनं शेजारच्या बाईच्या ढिगातला चिमूटभर (तिच्या देखत!) घेऊन तसंच केलं. हाताच्या तळव्यावर त्याचा गोळा तसाच बसून राहिला. “यात पाणी हाय. तू पाण्याचं पैसं देशील.” शेजारीण काहीतरी पुटपुटली, पण भांडण झालं नाही. बहुधा हा त्यांचा रोजचा खेळ असावा.

जवळ्यात दुसरी फसवणूक रेतीची. वाळूवर पसरून सुकवला की खाली रेती धरतोच. मावशीनं थोडा तळव्यावर चोळून फुंकर मारून दाखवला, तळव्यावर कण राहिले नाहीत. तरी घरी चाळणीनं चाळायचा, एवढं तिनंच सांगितलं.

बोंबलांपाशी मात्र माझा धीर सुटला आणि मी आईला व्हिडिओ कॉल लावला. इथून पुढे मी फक्त मोबाइल धरणारा स्टँड होतो.

“मोड त्याला,” आई म्हणाली. मी हळूच वाकवला. “अरे वाकवतोस काय, मोड!”

मावशीनं माझ्या हातातून बोंबील घेतला आणि कॅमेऱ्यासमोर कट्कन दोन तुकडे केले. तो आवाज ऐरोलीत पोचला असावा, कारण आई पुढे झुकली आणि स्क्रीनवर तिचं फक्त कपाळ दिसायला लागलं. मावशीनं मग न मोडलेली एक जोडी वर धरली. दोन बोंबील, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवलेला, अजून तसेच. वलांडीवर त्यांना असंच आडव्या बांबूवर टांगतात, जोडी करून, एक इकडे एक तिकडे. ताज्या बोंबलात जवळजवळ ९० टक्के पाणीच असतं आणि आपल्याकडे त्याला मीठही लावत नाहीत, नुसत्या उन्हा-वाऱ्यावर सुकतो. म्हणजे तो कडक झाला नसेल तर पुढे त्याला सांभाळणारं काहीच नाही. बांगड्याला निदान मीठ असतं. माझी गेल्या वर्षीची चूक मला तिथं, त्या ओट्यापाशी उभा राहून कळली.

“कुठली गो तू?” आईनं विचारलं.

“करंजाची. उरण.”

“मी थळची.”

झालं. पुढची सात-आठ मिनिटं दोघी समुद्रापलीकडून बोलाव्यात तशा मोठमोठ्यानं बोलल्या. उरणला आता लोकल जाते (२०२४च्या जानेवारीत सुरू झाली), म्हणून मावशीची सून रोज टोपली घेऊन नेरूळपर्यंत येते वगैरे. माझा हात दुखायला लागला. मग आईनं एकदम सूर बदलून भाव विचारला आणि मावशीनंही तितक्याच झटक्यात गावकी सोडून दिली. बोंबलाचा भाव एक रुपया कमी झाला नाही. आई चाळीस रुपयांसाठी भांडली, सुकटीच्या भावाचा तिनं तिच्या लग्नापासूनचा इतिहास सांगितला, शेकड्यावर बोंबील मोजायचे ते दिवस काढले. मावशी ऐकत राहिली, वजन करत राहिली, आणि शेवटी काट्यावरून पिशवी उतरवल्यावर त्यात आणखी एक मोठी मूठ बोंबील टाकले. “तुझ्यासाठी नाय, तिच्यासाठी.” आई खूश. भाव उतरवण्यापेक्षा ती वरची मूठ तिला महत्त्वाची असते, हे मला लहानपणापासून माहीत होतं, फक्त ती कशी मिळवायची ते माहीत नव्हतं.

सोड्यांना पाव किलोचेही भरपूर पैसे पडले. कोलंबी सोलून, सुकवून उरतं किती, हे डोळ्यांपुढे आणलं की पैसे देताना जरा कमी दुखतं. बांगडे पटकन झाले. कॉल बंद केला आणि तेवढ्यात मावशीनं वाकट्यांची जुडी पुढे केली. चंदेरी, अरुंद, रिबिनीसारख्या. “या घे. चिंच घालून कालवण कर, नायतर निखाऱ्यावर भाज.” चिठ्ठीवरचं ते दोनदा अधोरेखित केलेलं वाक्य मला आठवत होतं. तरी घेतल्या. इतकं शिकवल्यावर नाही म्हणणं जमलं नाही.

खाऊची बाजू मंडईच्या दाराशी, बचत गटाच्या बायकांची तीन-चार टेबलं. तिथं फार वेळ गेला नाही. पोह्याचे पापड आणि मिरगुंड डोळे झाकून घेतले, कोकम बोटानं दाबून ओलसर आणि मऊ आहे ना ते पाहिलं (इथं उलटा नियम, कडक कोकम जुनं), आंबोशी घेतली. वालांना बारीक भोकं दिसली म्हणून सोडून दिले. अलिबागच्या पांढऱ्या कांद्याच्या माळा टांगलेल्या होत्या. या कांद्याला २०२२मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय आणि तेव्हापासून कुठलाही पांढरा कांदा अलिबागचाच असतो. आईला दाखवल्याशिवाय घ्यायची हिंमत झाली नाही. आल्याचा खाजा मात्र पाव किलो घेतला आणि रिक्षात बसल्या बसल्या निम्मा संपवला.

खरी अडचण घरी आली. मंडईतून आणलेलं तसंच डब्यात भरायचं नसतं, दोन-तीन कडक उन्हं दाखवायची. मी सोसायटीच्या गच्चीवर जुनी साडी अंथरून सगळं पसरलं, कावळ्यांसाठी वरून जाळी घातली. तासाभरात ग्रुपवर मेसेज: ‘टाकीजवळ काही मेलं आहे का, कृपया हाउसकीपिंगने बघावे.’ खाली अकरा अंगठे. मी उत्तर दिलं नाही, जिन्यानं वर गेलो आणि चारी टोकं धरून गाठोडं बांधलं.

शाळेतला एक मित्र घणसोली गावात राहतो, म्हणजे सेक्टरमध्ये नाही, जुन्या गावठाणात. नवी मुंबई ९५ गावांच्या जमिनीवर उभी राहिली, पण आपल्याला त्या गावांची आठवण अशी गरजेच्या वेळी होते. त्याला फोन केला. “आण की, आमचं आहेच वर.” त्याच्या गच्चीवर त्याच्या आजीचा जवळा आधीच पसरलेला होता. आजीनं माझे बोंबील उलटसुलट केले, एक मोडला, मान डोलावली. मला बारावीचा निकाल लागल्यासारखं वाटलं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळं घरी आलं. आईनं खुर्चीत बसून करंदी निवडली, बोंबलांची डोकी-शेपट्या कात्रीनं उडवल्या, तुकडे गार झाल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात भरले. गरम असताना झाकण लावलं तर आत घाम सुटतो. सोडे बरणीत घालून फ्रीजमध्ये गेले. तिनं प्रत्येक डबा हुंगला. शेवटी वाकट्यांची जुडी हातात आली.

“हे कोणी सांगितलं होतं?”

“मावशीनं आग्रह केला.”

“आपल्यात नाही खात कोणी. काटे किती त्यात.” डबा तिनं सगळ्यात मागे, वरच्या फळीवर ठेवायला लावला.

आज जुलैची १२ तारीख. जवळा अर्ध्यावर आलाय, बोंबलांना अजून लव नाही. परवा सोडे घालून खिचडी झाली. सकाळी पापड शोधताना मागचा डबा हाताला लागला, तर हलका. उघडला. तळाशी दोन चंदेरी शेपट्या होत्या.