वॉर्सातली नवअभिजात वास्तुकला: दक्षिणेकडून उत्तरेकडे चालत

वॉर्सात उतरलं की बहुतेक जण आधी जुन्या गावाकडे जातात. पोलंडची नवअभिजात वास्तुकला, म्हणजे प्राचीन ग्रीक-रोमन इमारतींच्या धर्तीवरची शैली, पाहायची असेल तर दक्षिणेच्या वाझ्येंकी बागेतून सुरुवात करा आणि शहराच्या मध्याकडे चालत या. आम्ही तसंच केलं, आणि ही शैली कशी वाढत गेली ते इमारतींनीच समजावून सांगितलं.

बागेत प्रवेश मोफत, महालाला तिकीट; सोमवार टाळा. तळ्यातला हा महाल म्हणजे मुळात सतराव्या शतकातलं स्नानगृह. पोलंडचा शेवटचा राजा स्तानिस्वाव आउगुस्त पोन्यातोव्स्की याने १७६४ मध्ये ही जागा विकत घेतली आणि मेर्लिनी व काम्सेत्झर या वास्तुविशारदांकडून महाल वाढवून घेतला. तळ्याला वळसा घालून दोन्ही दर्शनी बाजू पाहाच. दक्षिणेला (१७८४) खांबांमागे खोल ओसरी आहे, उत्तरेला (१७८८) खांब पुढे आलेले. एवढा डौल, पण कुठेही दडपण येत नाही. १९४४ च्या अखेरीस जर्मनांनी महालाला आग लावली, सुरुंगासाठी भिंतींना भोकंही पाडली. स्फोट मात्र झाला नाही, म्हणून भिंती वाचल्या.

१७९५ मध्ये शेजारी सत्तांनी वाटून घेतल्याने पोलंड नकाशावरून पुसला गेला, शैली मात्र टिकली. १८१५ नंतर रशियन झारच्या अमलाखाली ती राजाच्या बागेतून रस्त्यावर आली. तीन क्रूसांच्या चौकातलं वास्तुविशारद आइग्नेरचं संत अलेक्झांडर चर्च आणि नोवी श्व्यात रस्त्याच्या टोकाचा, वास्तुविशारद कोराझ्झीचा स्ताशित्स राजवाडा (१८२०-२३) इथे थांबा. दोन्हींवर पुढे वेगळा साज चढवला गेला. राजवाड्याला तर १८९० च्या दशकात रशियन-बायझंटाइन रूप दिलं होतं. १९१८ च्या स्वातंत्र्यानंतर पोलिश लोकांनी ते उतरवून मूळ रूप परत आणलं. चर्चही दुसऱ्या महायुद्धात पडल्यावर पहिल्या साध्या रूपातच उभं केलं. आपल्या इमारतींचा खरा चेहरा कोणता, हे या शहराने ठरवलं होतं, आणि ते मला फार मोलाचं वाटतं.

थोडं आत वळून वास्तुविशारद त्सुगचं लुथरन (प्रोटेस्टंट) चर्च गाठा. पोन्यातोव्स्कीच्याच काळातलं हे काम, मला सगळ्यांत आवडलेलं. रोमच्या पॅंथिऑन या प्राचीन मंदिरावरून स्फुरलेला प्रचंड घुमट, आत गोल सभागृह आणि दोन मजली सज्जे. तरुण संगीतकार शोपॅन इथे झारसमोर वाजवून गेला होता.

शेवट बँक चौकात करा. वाटेत कोराझ्झीचंच ग्रँड थिएटर लागतं. चौकात खजिना आणि बँकेसाठी त्याने उभारलेल्या खांबांची रांग दुपारनंतर निवांत पाहता येते. इथून अंदेर्स रस्त्याने थोडं पुढे, मोंते कासिनोच्या लढाईच्या स्मारकाजवळ, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवडे छावणीत राहिलेल्या पोलिश निर्वासितांच्या आठवणीचं स्मारक आहे. मराठी माणसाने तिथवर जायलाच हवं.

बूट चांगले घाला. पाय थकले तर वाझ्येंकीहून ११६ क्रमांकाची बस नोवी श्व्यातवरून जाणाऱ्या राजमार्गाने जाते. उन्हाळ्यात शनिवार-रविवारी मात्र तिचा मार्ग बदललेला असू शकतो. चोवीस तासांचं तिकीट बस, ट्राम, मेट्रो सगळीकडे चालतं, फक्त पहिल्यांदा वापरताना यंत्रात छापून घ्या. परतीसाठी बँक चौकातच मेट्रो स्थानक आहे.