मैदानावरची पाच मिनिटे

पुण्यातील आमच्या श्वानप्रेमी मंडळाचे वार्षिक संमेलन संक्रांतीनंतरच्या पहिल्या रविवारी भरत असे. वर्षभर बुधवारी आणि रविवारी सकाळी साडेसहा वाजता ज्या शाळेच्या मैदानावर आमचे वर्ग चालत, तेथेच हा सोहळा होई. कुत्र्यांना त्या मैदानाचा कोपरा न् कोपरा ठाऊक होता. संमेलनाच्या दिवशी मात्र मांडव, सतरंज्या, रांगोळी, कर्ण्यातून येणारा आवाज आणि पोह्यांच्या पातेल्याचा दरवळ यांमुळे तीच जागा त्यांना परकी वाटू लागे. आमच्या शिक्षकांना नेमके हेच हवे असे. कुत्रा आज्ञा शिकतो ती जागेसकट शिकतो, त्यामुळे घरातल्या चटईवर मुकाट्याने बसणारा कुत्रा गजबजलेल्या ठिकाणी बसेलच असे नाही, हे ते आम्हाला पहिल्याच वर्गात सांगत. संमेलन हीच त्यांच्या दृष्टीने वर्षाची खरी परीक्षा होती.

शिक्षकांना सारे जण सुभेदारसाहेब म्हणत. लष्कराच्या रिमाउंट अँड व्हेटरनरी कोअरमध्ये त्यांनी आपली सारी नोकरी केली होती आणि मेरठच्या केंद्रात कुत्र्यांना शिकवता शिकवता ते स्वतः घडले होते. कुत्रा डाव्या बाजूला, दोरी सैल, आज्ञा एकदाच आणि साऱ्या घराचा शब्द एकच, एवढ्या चार गोष्टींवर त्यांचा आठ आठवड्यांचा वर्ग उभा होता. आम्ही बहुतेक जण ‘सिट’ आणि ‘स्टे’ म्हणत असू. आमच्यातील एका आजींनी मात्र, घरात मराठी बोलतो तर कुत्र्याशीही मराठीच बोलणार, असा आग्रह धरला आणि ‘बस’, ‘थांब’, ‘ये’ हे शब्द निवडले. पुढे त्यांच्या पंगतीत वाढणाऱ्याला कोणी ‘बस, बस’ म्हटले की त्यांचा लॅब्रॅडोर पानाशेजारी तत्परतेने बसू लागला. सुभेदारसाहेबांनी ही गोष्ट पुढच्या प्रत्येक तुकडीला सांगितली, कारण शब्द निवडताना तो घरात आणखी कुठे कुठे वापरला जातो हे आधी तपासावे, हे त्यातून चटकन कळे.

संमेलनाची सुरुवात चिटणीसकाकांच्या प्रास्ताविकाने होई. दरवर्षी ते एकच कथा सांगत आणि दरवर्षी ती ऐकावीशी वाटे. आज्ञापालनाची पहिली स्पर्धा अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील माउंट किस्को येथे 1933 साली झाली. ती भरवणाऱ्या हेलन व्हाइटहाउस वॉकर पूडल जातीचे कुत्रे पाळत. पूडल म्हणजे केवळ मिरवण्यापुरता कुत्रा, असे लोक म्हणत, ते त्यांना सहन होत नसे. त्याच्या अंगी बुद्धीही आहे हे दाखवण्यासाठी त्यांनी ती स्पर्धा योजली आणि तिच्यात अवघे आठ कुत्रे उतरले. ‘आठ’ हा आकडा उच्चारताना काकांचा स्वर किंचित वर जाई, कारण आमच्या मंडळाचा पहिला वर्गही मोजक्याच कुत्र्यांवर सुरू झाला होता.

त्यानंतर तिळगूळ वाटला जाई, तोही केवळ माणसांना. कुत्र्यांसाठी उकडलेल्या गाजराचे तुकडे असत. चॉकलेट, मनुका आणि द्राक्षे कुत्र्याला विषासमान असल्यामुळे या तीन वस्तू मैदानाच्या फाटकाच्या आत आणायच्या नाहीत, असा नियमच होता. लहान मुले तो मोठ्यांपेक्षा काटेकोरपणे पाळत.

जुन्या सभासदांना 2005 सालचे संमेलन विशेष आठवते. त्याच्या आठवडाभर आधी, 9 जानेवारीला, टपाल खात्याने भारतीय श्वानजातींची चार तिकिटे काढली होती: हिमालयन शीपडॉग, रामपूर हाउंड, राजापलयम आणि मुधोळ हाउंड. एका सभासदाने ती काचेच्या चौकटीत बसवून आणली. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी जपलेली आणि आपल्याकडे ‘कारवानी’ म्हणून ओळखली जाणारी ती सडसडीत जात आमच्यातील एका गृहस्थांकडे होती. हे कुत्रे नजरेने शिकार धरणारे असल्यामुळे दूरवर एखादे मांजर हलले तरी मालकाची हाक त्यांच्या कानांपर्यंत पोहोचत नाही. त्या दिवशी मात्र साऱ्या मैदानाच्या पलीकडून ‘ये’ ऐकताच तो कुत्रा बाणासारखा धावत आला आणि धन्याच्या पायांशी बसला. टाळ्या वाजवणाऱ्यांत सर्वांत पुढे सुभेदारसाहेब होते.

त्याच संमेलनात त्यांनी आणखी एक गोष्ट केली, जिचे मोल मला त्या वेळी पुरते कळले नव्हते. वर्षानुवर्षे आमच्या वर्गात गळ्याभोवती आवळणारी साखळी वापरली जाई आणि चूक झाली की तिला हिसका दिला जाई, कारण साहेब स्वतः तसेच शिकले होते. मधल्या काळात त्यांनी बक्षिसावर चालणाऱ्या पद्धतीचा अभ्यास केला होता. योग्य वागणुकीनंतर क्षणार्धात खाऊ आणि शाबासकी मिळाली की ती वागणूक वाढत जाते, हे त्यांनी आपल्याच कुत्रीवर पडताळून पाहिले होते. त्या दिवशी सर्वांसमोर त्यांनी तिच्या गळ्यातील साखळी काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाले, “साखळीने कुत्रा ऐकतो, पण आपल्या डोळ्यांत बघत नाही.” साठी ओलांडलेल्या शिक्षकाने आपल्या शिष्यांपुढे आपलीच जुनी पद्धत अशी बाजूला ठेवावी, हे दृश्य मी विसरू शकत नाही.

माझी चिंगी त्या वेळी दीड वर्षाची होती. ती गावठी होती आणि इमारतीच्या वाहनतळात पावसात भिजताना सापडली होती. गावठी कुत्र्यांना शिस्त लागत नाही, असे मला अनेकांनी ऐकवले होते. पहिल्या संमेलनात पोह्यांच्या वासाने ती माझ्या हातातून सुटली आणि रांगोळी पुसून टाकून पातेल्यापर्यंत गेली, तेव्हा मला रडू आले होते. सुभेदारसाहेब एवढेच म्हणाले, “ती चुकली नाही, आपण तिला अजून इथे शिकवलेले नाही.” त्यानंतरचे वर्षभर तिला मी मंडईच्या फाटकाशी, रेल्वे स्थानकाबाहेर, वडापावच्या गाडीजवळ, जिथे जिथे लक्ष विचलित होईल तिथे ‘थांब’ शिकवत राहिले.

संमेलनाचा शेवट याच आज्ञेने होई. वीसेक कुत्रे एका रांगेत, एकमेकांपासून दोन हातांवर आडवे बसवले जात आणि त्यांचे धनी ‘थांब’ म्हणून शाळेच्या इमारतीमागे निघून जात. पाच मिनिटे कोणीही आपल्या कुत्र्याच्या नजरेस पडायचे नाही. अमेरिकेतील जुन्या स्पर्धांतही ही कसोटी अशीच घेतली जाई. भिंतीमागे आम्ही श्वास रोखून उभे असू. मैदानावर कर्णा बंद असे, मुले गप्प असत आणि वीस कुत्रे आम्ही जिथे दिसेनासे झालो त्या कोपऱ्याकडे पाहत असत. एरवी भुंकण्याने दुमदुमणाऱ्या त्या जागेवरची ती शांतता मला एखाद्या देवळातल्यासारखी वाटे. ज्या वर्षी चिंगी ती पाच मिनिटे पहिल्यांदा थांबली, त्या वर्षी मी परत येताना नियम मोडून धावले.

आज्ञा देताना शब्दासोबत हाताची खूणही करायची, असा साहेबांचा आग्रह असे. ‘थांब’साठी कुत्र्याच्या डोळ्यांसमोर उघडा पंजा धरायचा असे. या खुणेचा उपयोग मला बारा वर्षांनी झाला. 2016 च्या जानेवारीत चिंगीला ऐकू येईनासे झाले होते आणि मागचे पायही थरथरत होते. तिला नुसते संमेलन दाखवून आणावे, एवढाच माझा विचार होता. पण रांग लागू लागली तेव्हा ती आपणहून तिकडे चालत गेली आणि नेहमीच्या जागी आडवी झाली. मी वाकून तिच्यासमोर पंजा धरला आणि भिंतीमागे गेले. खुर्चीवर बसलेल्या सुभेदारसाहेबांनी, तेही तेव्हा काठी घेऊन चालत, पाच मिनिटांनी हात वर केला. मी परतले तेव्हा चिंगीने हनुवटी पुढच्या पायांवर टेकली होती, डोळे मात्र उघडे होते आणि त्या कोपऱ्याकडेच लागलेले होते.