अडनिड्या वयाचं कपाट

घरातली तीन कपाटं पाहुण्यांना दाखवण्यासारखी आहेत. शब्दकोश, कवितासंग्रह, चरित्रं, दोन्ही हातांनी धराव्या लागणाऱ्या कादंबऱ्या. पाहुणे त्यांच्यासमोर मान तिरकी करून उभे राहतात, पुस्तकांच्या पाठीवरची नावं वाचतात आणि माझ्याबद्दल बरं मत करून घेतात. मग त्यांची नजर आतल्या खोलीतल्या चौथ्या कपाटाकडे जाते. जांभळा, पोपटी, शेंदरी असा सगळा रंगांचा गोंधळ. कुठे चंदेरी अक्षरं, कुठे पाठीवरून उतरणारी एक वेल, कुठे नुसतेच दोन बूट. "मुलांची का?" असं कौतुकाने विचारलं जातं. घरात मुलं नाहीत हे आठवलं की विचारणारा जरा गडबडतो.

माझी आहेत. सगळीच्या सगळी. शेवटची मोजली तेव्हा ४११ होती, आणि मोजून सहा महिने होऊन गेले.

या पुस्तकांना आपल्याकडे नीट नाव नाही, ही माझी जुनी तक्रार आहे. 'यंग अ‍ॅडल्ट' हे लेबल दुकानाच्या फळीवर ठीक आहे. 'बालसाहित्य' म्हटलं की बोलणारे ससे येतात. 'कुमारसाहित्य' म्हटलं की बक्षीस समारंभाच्या टेबलावरचे गठ्ठे दिसतात, आणि त्यांतल्या मुलांना शेवटच्या पानावर हटकून शहाणपण येतं. मला पटणारा शब्द आजीच्या तोंडचा आहे: अडनिडं वय. "मोठ्यांच्यात बोलू नकोस" आणि "एवढी मोठी झालीस, कळत कसं नाही?" ही दोन्ही वाक्यं एकाच दिवशी, पुष्कळदा एकाच माणसाकडून ऐकायला मिळतात, ते वय.

या वयाच्या वाचकांसाठी वेगळी फळी हवी, हा विचार मात्र नवा नाही. सारा ट्रिमर नावाच्या एका इंग्रज बाईंनी १८०२ साली मुलांच्या पुस्तकांची परीक्षणं छापायला सुरुवात केली, तेव्हाच त्यांनी दोन कप्पे केले होते: चौदापर्यंतची मुलं, आणि चौदा ते एकवीस वर्षांची 'तरुण माणसं'. बाई शिस्तीच्या होत्या. परीकथांवरसुद्धा त्यांचा डोळा असे. पण रेघ त्यांनी बरोबर जागी ओढली. त्यांच्या हिशेबाने माझी मुदत संपून आता इतकी वर्षं झालीत की त्यांनी मला फळीजवळ उभंही केलं नसतं.

मी ही पुस्तकं त्या वयात वाचलीच नाहीत, हीच खरी गंमत. त्या वयात मी मोठ्यांची पुस्तकं वाचत होते, कारण मोठी दिसायचं होतं. निम्मी कळली नाहीत, ती कळली असं सांगत फिरले. चौथ्या कपाटातलं पहिलं पुस्तक हातात आलं तेव्हा मी तिशी ओलांडलेली होते. कुणाला तरी भेट द्यायला म्हणून घेतलं होतं. रात्री सहज पहिलं पान उघडलं, आणि पहाटे चारला शेवटचं मिटलं. दुसऱ्या दिवशी भेटीसाठी दुसरी प्रत आणावी लागली. त्या दुसऱ्या प्रतीपासून संग्रह सुरू झाला म्हणायला हरकत नाही.

काय सापडलं होतं? मोठ्यांच्या कादंबरीत लहानपण येतं ते बहुधा मागे वळून बघितलेलं. सांगणारा माणूस आता पन्नाशीचा असतो, त्याला सगळ्याचा शेवट माहीत असतो, आणि त्या माहितीची एक साय प्रत्येक वाक्यावर धरलेली असते. या पुस्तकांत साय नाही. सांगणारी पोरगी सोळा वर्षांची आहे आणि सोळाव्या वर्षीच बोलते आहे. मैत्रीण आजपासून बोलेनाशी झाली, तर ती कायमची गेली असंच तिला वाटतं, कारण यापूर्वी कोणी गेलेलं नाही आणि कोणी परतही आलेलं नाही. "होतं असं, विसरशील" हे तिच्या कानाशी कुजबुजणारं कोणी त्या पानांत नसतं. ते आपल्या तोंडावर येतं, आणि पुस्तकात शिरून सांगता येत नाही म्हणून आपण रात्री एकला उठून पाणी पितो.

'द आउटसायडर्स' ही कादंबरी मी म्हणूनच वारंवार काढते. ती १९६७ साली आली तेव्हा एस. ई. हिंटन अठरा वर्षांची होती, आणि लिहायला घेतली तेव्हा पंधरा. आजूबाजूच्या मुलांच्या टोळ्या, त्यांच्या मारामाऱ्या, कोण कुठल्या बाजूचा, हे तिला दिसत होतं आणि वाचायला मिळत नव्हतं, म्हणून तिनेच लिहून काढलं. नावाची आद्याक्षरंच छापायची ही प्रकाशकाची युक्ती: मुलांच्या टोळ्यांवर मुलीने लिहिलंय म्हटल्यावर परीक्षण करणारे पुरुष नाक मुरडतील, ही भीती. पण माझ्या आवडीची गोष्ट पुढेच आहे. ती हे पुस्तक लिहीत होती त्या वर्षी शाळेत सर्जनशील लेखनाच्या विषयात तिला 'डी' मिळाला होता. माझ्या प्रतीत मुखपृष्ठाच्या आत मी हे पेन्सिलीने लिहून ठेवलंय. कुणी उसनं नेलं तर आधी हेच वाचावं म्हणून.

सगळीच पुस्तकं अशी उत्तम असतात असा माझा दावा नाही. या फळीवर कचराही भरपूर आहे आणि तो मी श्रद्धेने जमवला आहे. २००८ साली 'द हंगर गेम्स' आलं, आणि मग काही वर्षं दर दुसऱ्या पुस्तकात जग बुडालेलं, सरकार दुष्ट, आणि धनुष्य नाहीतर सुरी घेतलेली एक मुलगी त्याच्याविरुद्ध उभी. तिच्यावर दोन मुलगे एकाच वेळी प्रेम करत असतात. एक अबोल, एक बडबड्या. आई-वडील पहिल्या तीस पानांत मरतात किंवा बेपत्ता होतात, कारण ते जिवंत असते तर मुलीला संध्याकाळी सातनंतर बाहेर जाऊन क्रांती करता आली नसती. अशी तेरा पुस्तकं माझ्याकडे आहेत. दोन पुन्हा वाचलीत. कुठली, ते सांगणार नाही.

जमवण्यातलं दुखणं वेगळंच असतं, आणि ते जमवणाऱ्यालाच कळतं. एखादी मालिका सुरू होते, पहिले दोन भाग एका तोंडवळ्याचे येतात, आणि तिसऱ्याच्या वेळी कोणाला तरी वाटतं की चेहरामोहरा बदलावा. उंची अर्ध्या बोटाने वाढते, अक्षरं बदलतात, पाठीवर जुळत आलेलं चित्र मध्येच तुटतं. मग त्या फळीसमोरून जाताना दर वेळी दात दुखल्यासारखं होतं. सिनेमा आला की नट-नट्यांचे फोटो असलेली मुखपृष्ठं येतात. मूळचं चित्र असलेली प्रत मिळेपर्यंत मी ते पुस्तक उलटं उभं करून ठेवते. श्रेयपानावरची आकड्यांची ओळ मला वाचता येते. पुष्कळ प्रकाशकांच्या पुस्तकांत त्या ओळीतला सर्वांत लहान आकडा छपाई कितवी ते सांगतो; एक असेल तर पहिली. माझ्याकडे 'एक' असलेली पुस्तकं थोडीच आहेत आणि त्यांचं मला मोठंसं अप्रूपही नाही. उन्हापासून मात्र मी पुस्तकं जपते. स्वस्त कागदात लाकडातलं लिग्निन राहिलेलं असतं, उजेड आणि हवा लागली की ते पिवळं पडतं, आणि ही पुस्तकं मुळातच स्वस्त कागदावर छापलेली. दोन वर्षं खिडकीसमोर राहिलेली एक लाल पाठ आता फिक्या गुलाबीवर आली आहे. कसरीने एका नायकाचं नाव खाल्लंय, तेवढंच. चव असावी.

अप्रूप आहे ते दुसऱ्याच्या हातून आलेल्या प्रतींचं. कोणी तरी तेरा-चौदा वर्षांचं त्यात राहून गेलेलं असतं. एका प्रतीत नाव, तुकडी आणि खाली "हात लावणाऱ्याला शाप". एकीत प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी वेळ टाकलेली आहे: ९.४०, १०.२५, ११.५०, आणि शेवटच्या प्रकरणाखाली नुसतं "आई उठली". एकीत नायक ज्या पानावर गाडीत बसून निघून जातो तिथे समासात दोन अक्षरं, पेन इतकं दाबून की मागच्या पानावर उमटलीत: "नको". हे पुस्तक मी विकत घेतलं तेव्हा त्याची पाठ निखळलेली होती. शिवून घेतलं नाही. जसं मिळालं तसंच ठेवलंय.

आणि ही माणसं लेखकाला गाठूही बघतात. रॉबर्ट कॉर्मियर या अमेरिकन लेखकाची 'आय अ‍ॅम द चीज' ही १९७७ ची कादंबरी. सायकलवरून वडिलांना भेटायला निघालेला एक मुलगा वाटेत थांबून मैत्रिणीला फोन लावतो, आणि तिचा नंबर पुस्तकात छापलेला आहे. कॉर्मियर यांनी तिथे स्वतःच्या घरचा खरा नंबर घातला होता. पोरंच ती, त्यांनी तो फिरवून बघितला. एकाने, दोघांनी, मग वर्षानुवर्षं कितीजणांनी तरी. पलीकडे कॉर्मियर फोन उचलायचे आणि बोलायचे. २००० साली ते गेले. मी ते पान वाचलं त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, आणि कबूल करते, वाचता वाचता एकदा शेजारच्या फोनकडे बघितलं. पुस्तकाच्या आतून कुणी तरी हाक मारतंय आणि आपण लावला तर खरंच घंटा वाजेल, ही शंका येण्याइतकी कोवळीक शिल्लक आहे की नाही, याची ती चाचणीच म्हणायची.

प्रवासात ही पुस्तकं उघडताना सुरुवातीला मी मुखपृष्ठ मांडीवर पालथं ठेवायचे. हा संकोच प्रकाशकांनाही चांगला ठाऊक आहे. हॅरी पॉटरच्या इंग्लंडमधल्या प्रकाशकांनी १९९८ पासून मोठ्यांसाठी वेगळ्या, गंभीर मुखपृष्ठाच्या आवृत्त्या काढल्या. आत शब्द न् शब्द तोच. मग २०१२ साली अमेरिकेत एक पाहणी झाली आणि कळलं की बारा ते सतरा वयासाठी म्हणून निघालेली पुस्तकं विकत घेणाऱ्यांपैकी ५५ टक्के लोक अठराच्या पुढचे आहेत, सर्वांत मोठा गट तिशी ते चव्वेचाळीसचा आहे, आणि ही मंडळी बहुतेक वेळा स्वतःसाठीच घेतात. इतके दिवस आपण सगळे शेजारी शेजारी बसून मुखपृष्ठं पालथी घालत होतो तर! तेव्हापासून मी पुस्तक उभं धरते. शेंदरी असलं तर जास्तच.

उत्साहाचा तोटा असा की तो एकट्याला पेलवत नाही. मी ही पुस्तकं लोकांच्या हातात कोंबते. दात दुखतोय म्हणून रजेवर असलेल्या सहकाऱ्याला मी चारशे पानांचं पुस्तक घरपोच दिलं आहे. देताना "फक्त पहिली वीस पानं बघ" असं म्हणते, आणि दोन दिवसांनी "कुठपर्यंत आलीस?" म्हणून छळते. यातून मला एक नियम कळला आहे: उसनं गेलेलं आणि परत न आलेलं पुस्तक नेहमी मालिकेचा पहिला भाग असतं. माझ्या कपाटात अनाथ दुसरे भाग किती आहेत ते मोजायचं धाडस मी केलेलं नाही.

भाची पंधरा वर्षांची झाली तेव्हा मला वाटलं, आता खरा वाचक मिळाला. तिला मी माझं सर्वांत लाडकं पुस्तक दिलं: घर सोडून निघालेल्या एका मुलीची गोष्ट. चार वेळा वाचलंय मी. चारही वेळा त्या मुलीबरोबर निघाले, मागे वळून न बघता. दोन महिने पुस्तक तिच्याकडे पडून होतं. मी विचारायचं नाही असं ठरवलं आणि तीनदाच विचारलं. शेवटी एका रविवारी ती ते घेऊन आली आणि टेबलावर ठेवलं.

"कसं वाटलं?"

"बरंय. ती जरा अतीच करते पण."

"अती?"

"मला तिच्या आईचं वाईट वाटलं, मावशी. ती रोज रात्री तिच्या खोलीतला दिवा लावते ना."

कुठला दिवा? मला दिवा आठवेना. ती आत गेल्यावर मी भराभर पानं उलटली. नवव्या प्रकरणात होता, एकच वाक्य, मुलीच्या धाकट्या भावाच्या पत्रात, मांजराच्या आणि गणिताच्या मार्कांच्या मध्ये. शेजारी पेन्सिलीची बारीक रेघ. ती माझी नव्हती.

परत जाताना ती चौथ्या कपाटासमोर मान तिरकी करून उभी राहिली. मी लगबगीने उठले, म्हटलं, थांब, यानंतर काय वाचायचं ते मी काढून देते, माझ्या डोक्यात तयार आहे.

"तू नको देऊस. मी बघते."

बोट पाठींवरून सरकत गेलं. हिंटनवरून गेलं, कॉर्मियरवरून गेलं, शाप असलेल्या प्रतीवरून गेलं, आणि त्या तेरांपैकी एकावर थांबलं. काळं मुखपृष्ठ, जळतं शहर, धनुष्य. तिने ते बाहेर काढलं, उलटून मागचा मजकूर वाचला आणि एकदम खूश झाली.

"हे भारी दिसतंय. पण हा भाग दोन आहे. पहिला कुठाय गं?"