परावर्तित उन्हाचा त्रास आणि कायद्याची जबाबदारी

पुण्यातील बाणेर, बालेवाडी आणि खराडी या भागांत काचेने मढवलेल्या इमारती एकामागून एक उभ्या राहिल्या आहेत, आणि त्यांच्यावरून परावर्तित होणाऱ्या उन्हामुळे भर दिवसा पडदे ओढून बसावे लागते, ही तक्रार आमच्या सोसायटीच्या सभेतही येऊ लागली आहे. त्यावर मिळणारे उत्तर ठरलेले असते: महापालिकेची परवानगी आहे, भोगवटा प्रमाणपत्र आहे आणि कोणाला त्रास देण्याचा हेतू नव्हता. माझ्या मते यांपैकी एकाही कारणाने जबाबदारी टळत नाही.

लंडनमधील २० फेनचर्च स्ट्रीट या ३७ मजली इमारतीचे काम २०१३ मध्ये चालू असताना तिच्या दक्षिणेकडील अंतर्वक्र काचांमुळे ऊन एकवटले आणि रस्त्यावर उभ्या असलेल्या जॅग्वार मोटारीचे काही भाग वितळले. विकासकांनी दुरुस्तीचे ९४६ पौंड भरून दिले आणि पुढे त्या काचांवर ऊन अडवणाऱ्या आडव्या पट्ट्या बसवल्या. हेतू तिथेही नव्हता; परंतु त्याच वास्तुरचनाकाराच्या, राफाएल विन्योली यांच्या, लास व्हेगासमधील हॉटेलात असाच प्रकार २०१० मध्ये गाजला होता, आणि लॉस एंजेलिसच्या डिस्ने कॉन्सर्ट हॉलचे चकचकीत पत्रे २००५ मध्ये घासून निस्तेज करावे लागले होते. इतके घडून गेल्यावर आज पुण्यात काचेची भिंत आखणाऱ्याने धोक्याची कल्पना नव्हती असे म्हणणे मला मान्य होण्यासारखे नाही.

आपल्याकडे रेरा, म्हणजे स्थावर संपदा नियमन कायद्याच्या कलम १४ नुसार बांधकामातील दोषांबाबत ५ वर्षांचे संरक्षण मिळते, पण ते सदनिका घेणाऱ्याला. रस्त्यापलीकडच्या रहिवाशाला नाही. त्याच्यासाठी दिवाणी न्यायालयात खासगी उपद्रवाचा दावा हाच मार्ग उरतो. त्यात प्रतिवादीचा वाईट हेतू सिद्ध करावा लागत नाही. घराच्या नेहमीच्या वापरात भरीव अडथळा येतो, हे दाखवावे लागते. काचेच्या छतावरून येणारी तिरीप हा उपद्रव ठरू शकतो, असे न्यूझीलंडच्या न्यायालयाने १९८० च्या दशकातच मानले आहे. शिवाय त्रास चालूच असेल, तर मुदत कायद्याच्या कलम २२ प्रमाणे दाव्याची मुदत क्षणोक्षणी नव्याने सुरू होते.

सूर्याची दिशा ऋतूनुसार बदलत असल्याने तारीख आणि वेळ दाखवणारी छायाचित्रे वर्षभर काढून ठेवावीत आणि इमारतीच्या मालकाला लेखी नोटीस द्यावी, कारण ती पोहोचल्यानंतर त्रासाची माहिती नव्हती हा बचाव त्याच्याकडे राहत नाही.