आकाशगंगेसाठी परवानगी: माझा अनुभव

आधी राग काढते, मग कॅमेऱ्याचं बोलते.

कोकणातल्या एका खडकाळ किनाऱ्यावर रात्री थांबून आकाशगंगेचे फोटो काढायचे होते. त्यासाठी परवानगीचं एक पत्र लागत होतं, आणि त्या पत्रापायी माझी चैत्र अमावास्या वाया गेली. किनाऱ्याचं नाव लिहीत नाही, कारण त्यावरून कार्यालय लगेच ओळखू येईल. पुण्याहून असं काही करू बघणाऱ्या पुढच्या माणसाची अमावास्या वाचावी, एवढ्यासाठी हे लिहितेय.

परवानगी कशाला, असं बरेच जण विचारतात. आदल्या खेपेला गस्तीवरच्या पोलिसांनी आम्हाला तिथून उठवलं होतं. बोलले नीटच. "ताई, लेखी काही आहे का? नसेल तर थांबता येणार नाही. इथे माणसं बुडालीत." त्यांचं बरोबरच होतं. तेव्हाच ठरवलं, की पुढच्या वेळी कागद हातात घेऊनच यायचं.

आता अमावास्येसाठी एवढा जीव का टाकायचा, ते सांगते. पुण्यातून आकाशगंगा दिसत नाही. सिंहगडावर गेलं तरी ईशान्येला शहराचा उजेड पसरलेला असतोच. किनारा हवा, आणि चंद्र नको. त्यात आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. आकाशगंगेचा गाभा, म्हणजे वृश्चिक आणि धनूकडचा सगळ्यात तेजस्वी भाग, उगवतो आग्नेयेला, म्हणजे जमिनीच्या बाजूला. खडक, समुद्र आणि वर गाभा अशी चौकट हवी असेल तर तो दक्षिणेकडे येऊन नैर्ऋत्येला कलावा लागतो. हे घडतं एप्रिल-मेच्या पहाटे, किंवा ऑक्टोबरात अंधार पडल्या पडल्या. मध्ये पावसाळा. आश्विनातली अमावास्या म्हणजे दिवाळी, आणि घरचं लक्ष्मीपूजन सोडून मी जाणार नाही. कार्तिक अमावास्येपर्यंत गाभा क्षितिजाला टेकायला आलेला असतो. उरल्या चैत्र आणि वैशाख. वैशाखात मान्सूनपूर्व ढगांची धास्ती, म्हणून माझा सगळा भर चैत्रावर होता.

अर्ज ऑनलाइन. 'चित्रीकरणाचा प्रकार' या रकान्यात चित्रपट, मालिका, जाहिरात, माहितीपट. स्वतःच्या हौसेसाठी फोटो काढणारा माणूस त्या यादीत नाहीच. रकाना रिकामा ठेवला तर अर्ज पुढे सरकत नाही. माहितीपट निवडला, तर निर्मिती संस्थेचा नोंदणी क्रमांक आणि संहिता मागितली. तिथे 'लागू नाही' असं लिहून पुढे गेले, तर वेळेचा रकाना आला. सुरुवात रात्री ११, समाप्ती पहाटे ५. खाली लाल अक्षरांत उमटलं: समाप्तीची वेळ सुरुवातीच्या वेळेनंतरची असावी. मध्यरात्री तारीख बदलते, हे त्या अर्जाला ठाऊकच नव्हतं.

फोन केला. "मॅडम, सकाळी सहा ते संध्याकाळी सहा टाका ना."

"अहो, मला तारे टिपायचेत."

"मग रात्रीची परवानगी वेगळी लागेल."

ती कोण देतं? साहेब सांगतील. साहेब कधी भेटतील? मार्चअखेर चालू आहे, एप्रिलमध्ये करा. एप्रिलमध्ये केला, तर साहेब दौऱ्यावर. शेवटी दोन तारखांचे दोन अर्ज भरले, एक मध्यरात्रीपर्यंतचा आणि एक मध्यरात्रीनंतरचा. शुल्कही दोनदा भरलं. दोन्हींपुढे 'प्रलंबित' एवढाच शब्द. रोज सकाळी चहाच्या आधी मी तो बघत होते. माहिती अधिकाराचा विचार केला, पण त्यात उत्तराची मुदत ३० दिवस आणि दोन अमावास्यांत अंतर साडेएकोणतीस. तो मार्ग बाद झाला.

चैत्र अमावास्येच्या रात्री मी कोथरूडमध्ये घरी होते. उपग्रहाच्या चित्रात अख्ख्या कोकणावर ढगाचा एक ठिपका नव्हता. भाऊ म्हणाला, "अगं, पुढच्या महिन्यात जाऊ." त्याच्यावरही चिडले. कार्यालयाला तारीख पुढे ढकलण्यात काहीच वाटत नाही, पण आकाशाची तारीख कुणाच्या सहीसाठी थांबत नाही, आणि हे तिथे एकालाही पटवता आलं नाही याचा राग मला आजही आहे.

मग रजा टाकली आणि घाट उतरून थेट कार्यालयात गेले. साहेब नव्हतेच. पण आवक-जावकच्या टेबलावर एक वयस्क बाई होत्या. त्यांनी माझे दोन्ही अर्ज वाचले. म्हणजे खरोखर वाचले, बोट ठेवून, ओळ न ओळ. म्हणाल्या, "तुम्ही शूटिंगच्या खिडकीत शिरलात म्हणून अडकलात. साधा अर्ज लिहा कोऱ्या कागदावर." आणि त्यांनीच मुद्दे सांगितले: वैयक्तिक छंदासाठी स्थिर छायाचित्रण, व्यावसायिक वापर नाही, ड्रोन नाही, मोठे दिवे नाहीत, मंडप नाही, माणसांची नावं, आधारच्या प्रती, गाडीचा नंबर, 'दिनांक अमुकच्या रात्री ११ पासून दिनांक तमुकच्या पहाटे ५ पर्यंत' असं एकाच वाक्यात, भरतीच्या वेळी खडकावर जाणार नाही अशी हमी, प्रत स्थानिक पोलीस ठाण्याला. तिथेच बाकावर बसून लिहिलं. त्यांनी नोंदवहीत नोंद केली, माझ्या प्रतीवर निळा शिक्का मारला, आवक क्रमांक हाताने घातला आणि म्हणाल्या, "ही पोच जपा. फोन कराल तेव्हा नाव सांगू नका, हा क्रमांक सांगा."

आठवडा उलटायच्या आत पत्र आलं. एका पानाचं. ते वाचताना माझे हात थरथरत होते, यात अतिशयोक्ती नाही. त्या बाईंचे मी मनापासून आभार मानते. हीच वाट अर्जाच्या पहिल्या पानावर छापली असती तर माझा चैत्र गेला नसता.

वैशाख अमावास्येला आकाश मोकळं मिळालं. दुपारीच पोचा, उजेडात खडक बघून घ्या. कोरडा खडक कुठे संपतो आणि शेवाळ कुठे सुरू होतं, ते रात्री टॉर्चमध्ये कळत नाही. खडकाला चिकटलेल्या कालवांच्या (शिंपल्यांच्या) कडा पात्यासारख्या असतात, चपला घालून जाऊ नका. भरतीचं जुनं गणित पाठ करा: तिथीला पाऊणने गुणायचं. अमावास्या पंधरावी धरली तर सव्वाअकरा, म्हणजे रात्री अकरा-बाराच्या सुमाराला पूर्ण भरती, आणि तीही उधाणाची. साधारण सहा तासांनी ओहोटी. म्हणून मे महिन्याची पहाट सोयीची. गाभा नैर्ऋत्येला कलतो आणि पाणीही मागे हटत असतं. ऑक्टोबरच्या संध्याकाळी नेमकं उलटं: पाणी चढत असतं, तेव्हा मागे परतायची वाट आधी ठरवा. हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणेच्या वाटेवर दिवसासुद्धा भरतीत जात नाहीत, ते उगाच नाही.

कॅमेऱ्याचं थोडक्यात. १४ मिलिमीटरची लेन्स, छिद्र (अॅपर्चर) एफ २.८, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) ३२००, शटर २० सेकंद उघडं. तारे न ओघळता शटर किती वेळ उघडं ठेवता येईल, यासाठी ५०० भागिले फोकल लेंग्थ (लेन्सचे मिलिमीटर) असा नियम आहे; त्याने ३५ सेकंद येतात, पण तेवढ्यात तारे लांबट होतात. फोकस हाताने करायचा: ठळक तारा स्क्रीनवर दहापट मोठा करून त्याचा ठिपका सगळ्यात बारीक होईपर्यंत रिंग केसाएवढी फिरवायची, आणि मग तिथे टेप चिकटवायची. मी वृश्चिकेतला ज्येष्ठा हा तारा धरला. तारे ओळखायला मी टिळक स्मारक मंदिरातल्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेत शिकले. १९४४ पासून ही मंडळी पुण्यात हे काम करताहेत, जरूर जा.

खरा शत्रू म्हणजे समुद्राच्या वाऱ्यातला खार, म्हणजे मीठ. दर दहा मिनिटांनी लेन्सवर चिकट पापुद्रा धरतो. कोरड्या फडक्याने घासलं की मीठ ओरखडे पाडतं. आधी फुंकणीने उडवायचं, मग ओलसर कापडाने टिपायचं. दमटपणासाठी लेन्सभोवती पॉवर बँकवर चालणारा गरम पट्टा बांधला होता.

हो, एक राहिलंच. पत्र मिळाल्यावर प्रत घेऊन आदल्या दिवशीच पोलीस ठाण्यात जाऊन या. आमच्याकडे रात्री गस्तीची गाडी आली, त्यांनी वरूनच हात केला आणि गेली. आणि जिथे कासवांची अंडी असतात अशा वाळूच्या किनाऱ्यावर मे महिन्यापर्यंत टॉर्च, अगदी लालसुद्धा, लावू नका. घरी आल्यावर झोपायच्या आधी ट्रायपॉडचे पाय उघडून गोड्या पाण्याने धुवा, नाहीतर दुसऱ्या आठवड्यात ते उघडतच नाहीत.