चिखलदऱ्यात दोघांचा हिवाळा

चिखलदरा म्हटलं की वऱ्हाडातल्या माणसाला पावसाळा आठवतो. ढगात हरवलेला रस्ता, भीमकुंडाचा धबधबा, गरम भजी आणि संध्याकाळी पाचला परतीची गाडी. आमचं म्हणणं वेगळं आहे. हा डोंगर राहायचा असेल तर हिवाळ्यात राहावा, दोघांनी राहावा आणि निदान महिनाभर राहावा. कापसाचा दुसरा वेचा आटोपला की तुरीच्या सोंगणीपर्यंत शेतात जो थोडा उसंत मिळतो, तोच वरचा सगळ्यात चांगला काळ असतो. डिसेंबर लागला की आम्ही दोघं बिऱ्हाड उचलतो. तिथं घर कसं मांडायचं, काय न्यायचं आणि कुठं फसगत होते, ते इथं सांगतो.

गाव गाविलगडच्या डोंगररांगेत, समुद्रसपाटीपासून साधारण ११०० मीटरवर आहे. इथं बर्फ पडत नाही. थंडीची लाट आली की पहाटे पारा एक आकड्यावर येतो, एवढंच. तरीही खालून आलेला माणूस पहिल्या रात्री कुडकुडतो. कारण तो थंडीची तयारी करून येतो आणि त्याला गाठतो वारा. चिखलदऱ्याचा हिवाळा पाऱ्यावर मोजू नका, वाऱ्यावर मोजा. पारा ८ अंशांवर असताना ४० च्या वेगानं दुचाकी चालवली तर उघड्या अंगाला तो ३ अंशांसारखा लागतो. म्हणून घाटात स्वेटरवर स्वेटर चढवून उपयोग होत नाही. लोकरीतून वारा आरपार जातो. आत एकच लोकरी, वर वारा अडवणारं साधं रेनकोटाचं जाकीट, हातात मोजे आणि छातीवर जाकिटाच्या आत वर्तमानपत्राची घडी, एवढ्यात भागतं.

खोली निवडताना खिडकीतून दिसणाऱ्या दरीला भुलू नका. दरीकडं तोंड असलेली खोली पावसाळ्यात देखणी, हिवाळ्यात वैरीण. कड्यावरून चढून येणारा वारा थेट तिच्या फटीत शिरतो. आम्ही पाहतो ते ऊन. डिसेंबरअखेर दुपारीसुद्धा सूर्य आकाशात जेमतेम ४५ अंशांपर्यंत चढतो, म्हणजे दक्षिणेच्या खिडकीतून ऊन खोलीत आतवर येतं आणि फरशी तापते. उत्तरेच्या खोलीला या दिवसांत उन्हाचा थेंब मिळत नाही. पूर्व किंवा दक्षिण बाजू, वर स्लॅब आणि दाराला आतून पडदा लावायला खिळा, एवढं मिळालं की खोली पक्की करावी. टिनाचं छप्पर असेल तर रात्री आतल्या श्वासाची वाफ पत्र्याला लागून पहाटे थेंब थेंब अंथरुणावर गळते. तशी खोली स्वस्तात मिळाली तरी नको.

आता अंथरूण. यात बहुतेक लोक चुकतात, कारण सगळं लक्ष पांघरुणावर असतं. अंगाखालचा कापूस वजनानं दबला की त्यातली हवा निघून जाते, आणि ऊब धरून ठेवते ती हवाच. वर दोन दुलया आणि खाली एक पातळ सतरंजी असली तर रात्री दोननंतर पाठ गार पडते. आम्ही खाली आधी वर्तमानपत्रांचे चार-पाच थर, त्यावर चटई, मग गादी आणि गादीवर जुनी वाकळ घालतो. वर माणशी एक दुलई, तीन किलो कापसाची, आपल्याच कापसाची भरून घेतलेली. दोघांत एक मोठी दुलई नको. एकानं कूस बदलली की दुसऱ्याच्या खांद्यावरून वारा आत जातो आणि झोप दोघांचीही मोडते.

दुलईला दर तीन दिवसांनी ऊन दाखवावं लागतं. रात्रभरात घामाची आणि श्वासाची ओल कापसात मुरते, कापसाच्या गाठी होतात आणि मग तीन किलोंची दुलई दीड किलोइतकीच ऊब देते. सकाळी दहाला बाहेर घालावी, दुपारी दोनला पालटावी आणि चार वाजायच्या आत घरात घ्यावी. पाचपर्यंत राहिली तर दिवसभर वाळवलेली दुलई पुन्हा दहिवर पिते. हात लावून पाहिलं तर वरून कोरडी वाटते. गालाला लावून पाहा, गाल फसत नाही.

पाण्याचं गणित दोघांसाठी असं बसतं. पहाटेचं पाणी साधारण १५ अंशांचं असतं. अंघोळीसाठी १५ लिटर पाणी ४० अंशांवर न्यायला १५०० वॅटच्या रॉडला १८ ते २० मिनिटं लागतात. पण व्होल्टेज २३० वरून १८० पर्यंत उतरलं की रॉडची ताकद जवळजवळ चाळीस टक्क्यांनी कमी होते आणि त्याच पाण्याला अर्धा तास लागतो. रॉड खराब झाला असं समजून लोक तो बदलतात. बदलायचा नसतो, थांबायचं असतं. बादली कसलीही असो, रॉडचं बटण बंद करून आणि पिन काढल्यावरच पाण्यात हात घालायचा. आम्ही अंघोळ सकाळी करतच नाही. दुपारी साडेबाराला, ऊन पाठीवर असताना करतो. बादल्या सकाळपासून उन्हात ठेवल्या तर पाणी आपोआप थोडं कोमटतं आणि रॉडचं काम कमी होतं.

सिगडीबद्दल मात्र हात जोडून सांगतो. बंद खोलीत कोळशाची सिगडी घेऊन झोपू नका. कोळसा धुमसताना जो विषारी वायू निघतो त्याला रंग नाही, वास नाही. आधी डोकं जड होतं, मग मळमळतं, मग गुंगी येते, आणि माणसाला वाटतं की उबेनं झोप आली. सिगडी अंगणात पेटवावी, निखारे लाल झाले तरी ती आत आणू नये, कारण लाल निखाऱ्यातूनही तो वायू निघतच असतो. शेकायचं ते बाहेर शेकावं आणि झोपताना गरम पाण्याची रबरी पिशवी पायाशी घ्यावी. पिशवी काठोकाठ भरू नये. दोन तृतीयांश भरून, उरलेली हवा दाबून काढून बूच लावावं, आणि वर जुना पायमोजा चढवावा.

जंगलातून लाकूडफाटा वेचून आणायचा नाही हेही आलंच. हा व्याघ्रप्रकल्पाचा मुलूख आहे. १९७३-७४ साली देशात जे पहिले नऊ व्याघ्रप्रकल्प झाले त्यात मेळघाट होता.

स्वयंपाकात उंची जाणवते. इथं पाणी ९६ अंशांच्या आसपासच उकळतं. चहाला फरक पडत नाही, पण उघड्या गंजात तुरीची डाळ शिजवायला बसलात तर गॅस जळत राहतो आणि डाळ घोटली जात नाही. अर्धा तास भिजवून कुकरला लावा, कुकरमध्ये ही अडचण राहत नाही. दह्याचं तंत्र बदलावं लागतं. घरी लिटरभर दुधाला एक चमचा विरजण आणि सहा तास पुरतात. इथं दूध बोटाला चांगलं गरम लागेल इतकं ठेवून दोन चमचे विरजण घालायचं, भांडं टॉवेलात गुंडाळून डब्यात ठेवायचं आणि डबा दुलईत. तरी दहा-बारा तास लागतात. मध्ये झाकण उघडून पाहिलंत की ऊब जाते. इडली-डोशाच्या नादाला लागू नका, पीठ फुगत नाही. ज्वारीची भाकर, खाली शेतातून आणलेल्या तुरीच्या शेंगांच्या सोल्यांची आमटी, भरल्या वांग्याला जवसाची चटणी, हे थंडीत अंगी लागतं. खोबरेल तेल २४ अंशांखाली गोठतं, म्हणून अरुंद तोंडाची बाटली नेऊ नका, रुंद तोंडाची बरणी न्या.

गॅस थंडीत मंद जळतो तो टाकी संपल्यामुळं नाही. आतल्या द्रवाची वाफ व्हायला उष्णता लागते आणि टाकी गार असली की वाफ हळू होते. टाकी उन्हाच्या खोलीत, फरशीवर न ठेवता लाकडी पाटावर ठेवली की ज्योत सुधारते. टाकीवर गरम पाणी ओतणं किंवा तिला शेक देणं, हे कधीच नाही. गोळ्या-औषधं आणि पेट्रोल खालून, परतवाड्यातून भरून घ्यावं. रोकड पैसेही जवळ हवेत, कारण रेंज गेली की फोनवरून पैसे देणं तिथंच अडतं.

परतवाड्याहून वर यायला दोन वाटा आहेत. एक धामणगाव गढी आणि मोथ्यावरून, ती जवळची, सुमारे ३० किलोमीटरची. दुसरी बिहाली-घटांगवरून, जंगलातली. सामानाची गाडी असेल तर पहिली घ्या. दोन्ही वाटांवर अंधार पडायच्या आत वर पोचा. डिसेंबरअखेर सूर्य पावणेसहाला मावळतो आणि घाटात त्याच्या अर्धा तास आधीच सावली येते. पहाटे एकटं-दुकटं आडवाटेनं फिरायला जाऊ नका. अस्वल अंधुक उजेडात अचानक समोर आलं की ते घाबरून अंगावर येतं. आमचं फिरणं आठ वाजता सुरू होतं, बोलत-बोलत, म्हणजे जनावराला आपली चाहूल लागते.

आठ वाजता निघण्याचं आणखी एक कारण आहे. आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असला की रात्री गार हवा जड होऊन उतारानं खाली दरीत साचते. अशा पहाटे सेमाडोह, कोलकासकडं सिपना नदीच्या खोऱ्यात वरच्या गावापेक्षा जास्त हिव असतं. देवी पॉइंटवर उभं राहिलं तर आपण उन्हात आणि पायाखाली धुई भरलेली दरी दिसते. दहाच्या सुमाराला तिच्यातून आधी एक टेकडी डोकं काढते, मग झाडांचे शेंडे, आणि मग धुई कापसाच्या पेळूसारखी सुटत जाते. कोरकू भाषेत सिपना म्हणजे साग. नदीचं नावच झाडाचं आहे, आणि त्या खोऱ्यातला साग पाहिला की ते पटतं.

बाकीचे पॉइंट एका दिवशी उरकू नका. महिनाभर आहात तर रोज एक. पंचबोलला शांत दुपारी जा, वाऱ्यात प्रतिध्वनी फाटतो. गाविलगडाला मात्र पूर्ण दिवस द्या, आणि तो डिसेंबरच्या मध्यात द्या. इंग्रज-मराठ्यांची अडगावची लढाई २९ नोव्हेंबर १८०३ ला झाली आणि १५ डिसेंबरला सेनापती आर्थर वेलस्लीच्या इंग्रज फौजेनं हा गड घेतला. उत्तरेकडून तोफा आणायला त्यांना या डोंगरातून वाट काढत ओढत न्याव्या लागल्या, त्याही याच थंडीत. तटावर उभं राहून उत्तरेकडच्या रांगा पाहिल्या म्हणजे ते काम काय असेल ते कळतं. गडावर पाणी प्यायला मिळेल या भरवशावर जाऊ नका. दोघांना चार लिटर न्या, भाकरी न्या, आणि गवत वाळलेलं असतं म्हणून काडीपेटी घरीच ठेवा.

गावातल्या दोन गोष्टी आम्ही या दिवसांत चुकवत नाही. एक, गवळ्यांच्या दुधाचा खवा आणि रबडी. खवा सकाळी घ्यावा आणि तळहातावर चोळून पाहावा. तूप सुटलं आणि दाणा राहिला तर चांगला, चिकट पिठूळ लागला तर परत द्यावा. दुसरी, कॉफीची झाडं. महाराष्ट्रात कॉफी क्वचितच होते, ती इथं होते. हिवाळ्यात तिची फळं लाल होतात. कुणाच्या आवारातली तोडू नका, विचारलं तर लोक हौसेनं दाखवतात.

आणि स्ट्रॉबेरी. मोथा, शहापूर, सलोना या गावांच्या शेतात पावसाळा सरता सरता रोपं लागतात, वाफ्यावर प्लास्टिकचा कागद आणि खाली ठिबकची नळी असते. डिसेंबरपासून मार्चपर्यंत फळ येतं. घासाघीस करू नका. एकेक फळ वाकून, देठासकट, नखानं तोडावं लागतं आणि एक फळ दाबलं गेलं की त्या डब्यातली शेजारची चारही दुसऱ्या दिवशी बुरशी धरतात. डबा हातात घेतला की आधी उलटा करून खालचा थर पाहा. वरचा थर सगळेच छान लावतात, रस सुटलेला दिसतो तो खाली.

परतताना खाली नातेवाइकांना न्यायची असेल तर निघायच्या दिवशीच्या सकाळची, दव सुकल्यावर तोडलेली घ्या. ओली फळं भरली तर अमरावतीला पोचेपर्यंत मऊ पडतात. धुवायची नाहीत, देठ काढायचे नाहीत. डब्यात दोनपेक्षा जास्त थर नकोत, मध्ये वर्तमानपत्र घालावं, आणि डबे डिकीत न ठेवता मागच्या सीटवर बसलेल्याच्या मांडीवर द्यावेत. घाटाची वळणं मांडी सांभाळून घेते, डिकी घेत नाही.